अंगणवाडीची वेळ आणि वेचणीची वेळ

मूल आणि त्याचे कुटुंब यांना एकाच ठिकाणी शिक्षण, आहार, आरोग्य तपासणी आणि सल्ला मिळावा या कल्पनेतून जी केंद्रे उभी राहतात, त्यांना शासनाच्या भाषेत अंगणवाडी, पाळणाघर, बालगृह, आश्रमशाळा अशी निरनिराळी नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे वेगळे खाते, वेगळे नियम व वेगळी वयोमर्यादा आहे. वऱ्हाडात, विशेषतः अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत, ही सर्व रूपे गेल्या शंभर वर्षांत कोठे ना कोठे आकाराला आली आहेत. त्यांचा एकत्र आढावा घेतला असता एक गोष्ट वारंवार समोर येते. केंद्राची रचना इमारत, वय आणि कार्यालयीन वेळ यांभोवती झाली, तर येथील मजूर व आदिवासी कुटुंबाचे आयुष्य हंगामाभोवती फिरत राहिले, आणि या दोहोंत जेथे मेळ बसला नाही तेथेच मूल निसटले.

या प्रदेशातील सेवासंस्थांची परंपरा शासकीय योजनांहून जुनी आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी देवळे न बांधता धर्मशाळा, वसतिगृहे आणि शाळा उभ्या करण्यावर भर दिला. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी उभी केलेली धर्मशाळा पाहिली, तर आजारी माणसाबरोबर त्याचे कुटुंबही निवाऱ्याचे हकदार असते ही जाण त्यांना किती आधी होती हे दिसते. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व जेवत, आणि पुढे १९३२ मध्ये स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. तुकडोजी महाराजांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम १९३५ चा. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ उभारलेले तपोवन हे कुष्ठरुग्णांचे वसतिस्थान असले, तरी रुग्णांच्या निरोगी मुलांच्या शिक्षणाची सोय तेथे झाली, आणि म्हणून या सर्वांत कुटुंबाचा विचार सर्वांत पूर्णपणे केलेली संस्था तीच म्हणावी लागते. छात्रालयाने मुलाला घरातून उचलून शहरात आणले आणि त्याचे भले केले, यात शंका नाही. पण मागे राहिलेले घर तसेच राहिले. तपोवनाने घरच आत घेतले. मुलाला बाहेर काढावे की कुटुंबाजवळ जावे हा प्रश्न या दोन नमुन्यांतच मांडला गेला होता.

त्याचे तिसरे उत्तर ज्या बाईंनी दिले, त्यांचाही अमरावतीशी संबंध आहे. ताराबाई मोडक या लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या, कारण त्यांचे पती तेथे वकिली करीत; पुढे त्या गुजरातेत गेल्या आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाच्या कामात रमल्या. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथून रूढ झाला. जी थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणातच वर्ग भरू लागला आणि त्याला कुरणशाळा म्हणत. आज ज्या शब्दाने देशभरातील लाखो केंद्रे ओळखली जातात, त्याचा मूळ अर्थ इमारत असा नव्हताच. शिक्षिकेने मुलाच्या कामाच्या जागी जायचे, ही त्यातील मुख्य कल्पना होती. शासनाने शब्द घेतला, पण कल्पनेची दिशा उलटी केली.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रायोगिक प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा आरंभ मुंबईतील धारावी या नागरी वस्तीत आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी या आदिवासी तालुक्यात झाला. योजनेत सहा सेवा एकत्र बांधल्या आहेत. सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना पूरक पोषण आहार, तीन ते सहा वयोगटाला अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, स्त्रियांना पोषण व आरोग्याचे शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि आजारी मुलास पुढील रुग्णालयाकडे पाठवण्याची सोय, म्हणजे संदर्भ सेवा. सपाटीवर चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, डोंगराळ व आदिवासी भागात तीनशे लोकवस्तीलाही एक, आणि त्याहून लहान वस्तीला मिनी अंगणवाडी असा निकष ठरवला गेला. अमेरिकेत १९६५ मध्ये गरीब मुलांसाठी सुरू झालेल्या हेड स्टार्ट या कार्यक्रमाशी तिची तुलना होते, पण तेथे शाळेची तयारी हा गाभा होता आणि येथे भूक. हा फरक लक्षात न घेता केलेली तुलना फारशी कामाची नाही.

ज्या धारणीत राज्यातील पहिल्या अंगणवाड्या उघडल्या, ती धारणी आणि शेजारचा चिखलदरा हे दोन तालुके मिळून बनणारा मेळघाट १९९३ मध्ये बालमृत्यूंमुळे देशभर चर्चेत आला. अठरा वर्षांच्या केंद्रांनंतर हे व्हावे, याचा अर्थ केंद्रे निरुपयोगी होती असा काढणे घाईचे ठरेल. मात्र केंद्र असणे आणि मूल केंद्रात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्या वर्षाने दाखवले. तेव्हापासून उच्च न्यायालयातील याचिका, आदिवासी भागातील आरोग्यसेवा एकत्र आणणारी १९९५ ची नवसंजीवनी योजना, २००५ मध्ये स्थापन झालेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन, आणि पावसाळा आला की मंत्र्यांचे दौरे, अशी एक साखळीच सुरू झाली.

मेळघाटातील बहुसंख्य कुटुंबे कोरकू आहेत. कोरकू भाषा मुंडा गटातील, म्हणजे मराठी-हिंदीशी तिचे कुळ जुळत नाही. मध्य प्रदेशाच्या सीमेमुळे बाजाराची भाषा हिंदी, कागदाची भाषा मराठी आणि घरची भाषा कोरकू अशी तीन वर्षांच्या मुलाची स्थिती असते. सेविका गावचीच कोरकू असेल तेथे ही अडचण आपोआप सुटते, बाहेरची असेल तेथे पूर्वप्राथमिक शिक्षण हे गाणी पाठ करण्यापुरते उरते. राज्याने बालशिक्षणासाठी ‘आकार’ नावाचा अभ्यासक्रम आणला तो उपयुक्त आहे, पण तो मुलाच्या भाषेत पोचवणे हे शेवटी सेविकेच्याच जिभेवर अवलंबून राहते. आजारपणातही हीच गोष्ट घडते. पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागण्या देण्याची प्रथा, जिला डंबा म्हणतात, ती अजून पूर्ण थांबलेली नाही. भुमका, म्हणजे गावचा देवऋषी व वैदू, रात्री बेरात्री हाकेच्या अंतरावर असतो, त्याला कोरकू येते आणि तो घरी येतो. आरोग्य उपकेंद्र या तिन्ही बाबतींत मागे पडते. डंब्यावर बंदीचे फलक लावणे सोपे आहे, भुमकाएवढे जवळ असणे अवघड.

कुपोषण मोजण्याची परिभाषा आता सेविकांच्या रोजच्या बोलण्यात आहे. उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेले, किंवा दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेले मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित, आणि त्याच्या वरच्या पायरीवरचे ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित. वयाच्या मानाने उंची खुंटणे ही निराळी गोष्ट असून ती दीर्घकाळच्या उपासमारीची आणि वारंवारच्या आजारांची खूण मानली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुंटलेली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. सॅम मुलांसाठी अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र भरवले जाते, तेथे मुलाला दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाऊ घालून काही आठवडे देखरेखीखाली ठेवतात, आणि गुंतागुंत असलेल्यांना पोषण पुनर्वसन केंद्रात हलवतात. कागदावर ही व्यवस्था नेमकी आहे. परंतु पुनर्वसन केंद्रात मुलाबरोबर आईनेही मुक्काम करावा लागतो, तिची मजुरी बुडते, घरी दुसरी दोन मुले आणि कोंबड्या असतात. आई तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलाला घेऊन निघून गेली की नोंदवहीत ‘पळून गेले’ असा शेरा पडतो. त्या एका शेऱ्यात आईच्या हिशेबाला जागा नसते.

आहाराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. नियमानुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला दररोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, सॅम मुलाला ८०० उष्मांक, आणि गरोदर व स्तनदा स्त्रीला ६०० उष्मांक वर्षातील ३०० दिवस मिळायला हवेत. २०१७ मध्ये ठरलेला दर साध्या मुलामागे दिवसाला ८ रुपये आणि सॅम मुलामागे १२ रुपये असा होता. तीन वर्षांखालील मुलांना शिजवलेले अन्न न देता घरी नेण्याची पाकिटे दिली जातात, सेविका त्यांना ‘टीएचआर’ म्हणतात, आणि ती न आवडल्याने शेळ्या-गुरांपुढे टाकली जातात अशी तक्रार मेळघाटापासून सपाटीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. पाकिटातील पिठाला कोरकू किंवा वऱ्हाडी स्वयंपाकघरात ओळख नाही. याउलट २०१५ पासून आदिवासी भागात सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा स्त्रीला भाकरी किंवा पोळी, वरण-भात, भाजी असे ताजे जेवण अंगणवाडीत बसून मिळते आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. तिला प्रतिसाद तुलनेने चांगला आहे, कारण तेथे जेवण जेवणासारखे दिसते. अर्थात आलेल्या बाईनेच ते खावे, घरी नेऊन सर्वांत वाटू नये, ही अपेक्षा व्यवस्थेची आहे. भुकेल्या घरात ती पाळणे किती कठीण असते हे स्वयंपाकघर जाणते.

मेळघाटातील हंगामाची आखणी ठरलेली असते. दिवाळीनंतर जंगलातील गावे रिकामी होऊ लागतात, कुटुंबे अंजनगाव, दर्यापूर, अचलपूर, अकोटच्या शेतांवर हरभरा-तुरीची कापणी, संत्र्याची तोडणी आणि वीटभट्ट्यांवरील काम धरतात, होळीला फगवा, म्हणजे सणाची बक्षिसी, मागण्यासाठी परततात, आणि बरीचशी पुन्हा उन्हाळ्याच्या कामाला निघतात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, म्हणून हे परतणे पक्के असते. याचा अर्थ अंगणवाडीच्या पटावरील मूल वर्षातील कित्येक महिने त्या गावात नसते, आणि ज्या शेताच्या बांधावर ते पालात राहते त्या गावच्या अंगणवाडीच्या पटावर ते नसते. पावसाळ्यात मूल गावी असते, पण तेव्हा नाले भरतात, धान्य संपते, हिवताप वाढतो. केंद्र चालू आणि मूल हजर असे महिने मोजले तर ते फार थोडे भरतात.

व्याघ्र प्रकल्पामुळे यात आणखी एक स्थलांतर मिसळले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा, केलपाणी, अमोना, नागरतास, बारुखेडा यांसारखी गावे अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा तालुक्यांत आणून वसवण्यात आली. जमीन, पाणी आणि उपजीविकेच्या तक्रारींवरून काही पुनर्वसित गावकरी जंगलात परत गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे संघर्षही झाला. गावाबरोबर मुलांची नावेही एका बालविकास प्रकल्पातून, एका जिल्ह्यातून, दुसऱ्यात जावी लागतात. सोडलेल्या गावाची अंगणवाडी बंद होते ती एका आदेशाने, आणि नव्या वसाहतीत ती उघडायला मात्र जागा, पद आणि मंजुरी अशा तीन आदेशांची वाट पाहावी लागते.

स्वयंसेवी संस्थांचे महत्त्व नेमके या फटींत आहे. बैरागडला राहून डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी केलेले काम २०१९ च्या पद्मश्रीमुळे सर्वश्रुत झाले. डॉ. आशीष सातव यांनी धारणीजवळ उतावलीला उभारलेली ‘महान’ ही संस्था रुग्णालय चालवण्याबरोबर गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बालकांची काळजी घेते. पुण्याच्या ‘मैत्री’ने १९९७ पासून पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या मेळघाटात पाठवल्या आणि पुढे शिक्षणाचे काम केले, तर ‘खोज’ ही संस्था गावकऱ्यांचे वनहक्क आणि रोजगार हमीचे काम यांवर भर देत आली आहे. वरवर पाहता वनहक्काचा बालसंगोपनाशी संबंध दिसत नाही. पण गावाच्या जंगलावर गावाचा हक्क आणि गावातच हमीचे काम असेल तर कुटुंब दिवाळीनंतर गाव सोडत नाही, आणि मूल पटावर राहते. त्या अर्थाने सामूहिक वनहक्काचा दावा हा अंगणवाडीच्या हजेरीवरचा उपायही ठरतो. घरोघरी जाण्याच्या पद्धतीचे शास्त्रीय बळ गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून आले. डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रीकडून नवजात बाळाची घरीच काळजी घेतल्यास मृत्यू किती घटतात हे दाखवले, त्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरातील ‘आशा’ कार्यकर्तीच्या कामात ती पद्धत समाविष्ट झाली. ताराबाईंच्या अंगणाचीच ही आरोग्यातील आवृत्ती म्हणता येईल.

सपाटीवरचा प्रश्न निराळा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात निंदण आणि दसऱ्यापासून पुढे कापसाची वेचणी ही मुख्यतः स्त्रियांची कामे. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते, म्हणून बाई जितका वेळ शेतात राहील तितके तिचे पैसे. सकाळी घर आवरून ती निघते, अनेकदा गाडीत दाटीवाटीने बसून दुसऱ्या गावी जाते आणि दिवस मावळता परतते. अंगणवाडी मात्र दुपारी आहार वाटून झाला की बंद होते. उरलेला दिवस तान्हे मूल कोणाजवळ राहते याचे उत्तर बहुतेक घरांत एकच आहे, आठ-दहा वर्षांची बहीण. तीन वर्षांच्या मुलाची अंगणवाडीतील हजेरी आणि त्याच्या बहिणीची शाळेतील गैरहजेरी या दोन नोंदी दोन वेगळ्या खात्यांत असल्यामुळे त्या कधी शेजारी ठेवून पाहिल्या जात नाहीत.

कायद्याने या प्रश्नाची दखल घेतलेली नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमानुसार तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक होते. पण कापूस ज्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये जातो तेथील काम हंगामी आणि बरेचसे ठेकेदारामार्फत, त्यामुळे हजेरीपटावरील आकडा तिशी ओलांडेलच असे नसे. रोजगार हमीच्या कामावर पाच वा अधिक लहान मुले असतील तर एका मजूर स्त्रीला त्यांच्या देखरेखीसाठी नेमून मजुरी देण्याची तरतूद आहे. कापसाचे शेत मात्र कारखानाही नाही आणि हमीचे कामही नाही, आणि वऱ्हाडातील सर्वाधिक स्त्रिया तर तेथेच राबतात. केंद्र शासनाच्या ‘पाळणा’ योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड देण्याचे ठरले आहे. तिचा विस्तार वऱ्हाडात व्हायचा असेल तर पहिली जागा कापसाच्या गावांना मिळायला हवी, निदान वेचणीच्या चार महिन्यांपुरती तरी.

पूर्णा नदीच्या दोन्ही काठांवरील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथे भूजल खारट आहे अशा दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर परिसरातील गावांत, अंगणवाडीचा पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा असतो. हातपंपाच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे तेथील मदतनीस कोणत्याही अहवालापेक्षा आधी सांगते.

सहाव्या वर्षानंतर अंगणवाडीची जबाबदारी संपते आणि अठराव्या वर्षी बालगृहाची. या दोन रेषा कुटुंबांना दिसत नाहीत. शेतकरी आत्महत्यांनंतर उघड्या पडलेल्या घरांतील मुलांना बाल संगोपन योजनेतून दरमहा मदत मिळते आणि मूल आईजवळच राहते, म्हणून संस्थेत ठेवण्यापेक्षा ती योजना अधिक शहाणपणाची आहे. फासेपारधी मुलांचे तसे नाही, कारण त्यांच्या पालकांकडे जमीन वा कायमचे घर नसते आणि पोलिसांच्या संशयाचा जुना वारसा पाठीशी असतो. मतीन भोसले यांनी नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा सुरू केली, ती याच मुलांसाठी. समृद्धी महामार्गाच्या आखणीत तिच्या बांधकामाचा काही भाग गेला, हे नावाला साजेसेच झाले. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस आणि दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन वाढवले, आणि अशा मुलांना अठरा वर्षे पूर्ण होताच संस्थेबाहेर काढणारा नियम बदलावा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी मात्र अजून मागणीच आहे.

या सर्व व्यवस्थेचा भार जिच्या खांद्यावर आहे त्या सेविकेला शासन कर्मचारी मानत नाही, मानसेवी मानते, म्हणून तिला पगार नसून मानधन असते. २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचे मानधन महिना ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये केले, त्यात राज्य आपली भर घालते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू असल्याचा निर्णय दिला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांनी केलेला संप ५२ दिवस चालला, आणि त्या काळात बंद दारांमुळे केंद्र म्हणजे प्रत्यक्षात कोण हे स्पष्ट झाले. वजन घेणे, शिजवणे-वाटणे, शिकवणे, गृहभेटी आणि मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’ भरणे एवढे सगळे करणाऱ्या बाईला केंद्राची वेळ संध्याकाळपर्यंत वाढवा असे सांगण्याआधी दुसरी सेविका नेमावी लागेल.

स्थलांतरित मुलांसाठी राज्याने २०२२ मध्ये संगणकीय मागोवा प्रणाली आणली, आणि तिचा प्राथमिक प्रयोग ज्या जिल्ह्यांत झाला त्यांत अमरावती होता. मूल गाव सोडताना तेथील सेविकेने नोंद करायची आणि पोचलेल्या गावच्या सेविकेने त्याला आपल्या पटावर घ्यायचे, अशी ही रचना असून तत्त्वतः ती योग्य आहे. ती चालते की नाही हे दर्यापूर किंवा अकोट तालुक्यातील एखाद्या गावाबाहेरच्या बांधावर ठरते. तेथे पाल टाकून राहिलेल्या कोरकू कुटुंबापर्यंत सेविकेला गावातील आपले दार लावून, शेतातून दीड-दोन किलोमीटर चालत जावे लागते, आणि तोपर्यंत अंगणवाडीतील तिच्या स्वतःच्या गावच्या मुलांजवळ मदतनीस एकटी असते.